वंगणाचा नळा: वऱ्हाडच्या कापूसवाहतुकींतील एक उपेक्षित प्रकरण

१. विषयप्रवेश

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. गाड्यास बांधलेला वंगणाचा नळा गाडा पंढरपुरास गेला म्हणजे आयताच पंढरपुरास जातो. त्याच्या पदरीं स्वतःचें असें कांहीं पुण्य नसतें, असा तिचा रूढ अर्थ. थोराच्या संगतीनें सामान्यास मान मिळाला म्हणजे ती योजितात. म्हणीच्या मार्मिकतेविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु गाडीवानास विचारलें तर तो प्रकरण उलट बाजूनें सांगेल. नळा रिकामा असेल तर गाडा पंढरपुरास पोंचत नाहीं, हें त्यास ठाऊक असतें.

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास लिहितांना नळ्याची हीच उपेक्षा झालेली आम्हांस दिसते. सन १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आला, त्यानंतर कापसाविषयीं कागदांचे ढीग निर्माण झाले. आल्फ्रेड लायल यांचें सन १८७० चें गॅझेटिअर आहे, कापूस-कमिशनर रिव्हेट-कारनॅक यांचे अहवाल आहेत, सन १८९७ चा कापूस व धान्य बाजारांचा कायदा आहे. त्यांत पेरा, भाव, वजन, दलाली, रस्ते व कर यांचा विचार सांपडतो. परंतु कापूस ज्या चाकांवरून गेला तीं चाकें कुरकुरूं लागलीं म्हणजे काय होत असे, दुखणें कोण ओळखी, व उपाय कोण करी, याविषयीं हे कागद जवळजवळ मुके आहेत.

फिरणारा भाग व स्थिर भाग जेथें एकमेकांवर टेकून घांसतात त्या जागेस कारखान्यांतून 'बेअरिंग' म्हणतात. हा शब्द आतां मराठींत रुळला असल्यामुळें आम्हीही तोच वापरतों. वऱ्हाडच्या शेतांतून निघालेली रुई विलायतेस पोंचेपर्यंत तिला चार प्रकारचीं बेअरिंगें ओलांडावीं लागत: बंडीच्या आंसाचें, जिनिंगच्या शाफ्टाचें, आगगाडीच्या डब्याचें व जहाजाच्या पंख्याच्या दांड्याचें. या चारही ठिकाणीं बिघाडाची पहिली वर्दी बहुधा आवाजानें किंवा उष्णतेनें मिळे, व ती घेण्याचें साधन मनुष्याचा कान व हात हेंच होतें. ही विद्या वाफेच्या यंत्राबरोबर प्रथमच या प्रांतांत आली, असा जो सार्वत्रिक समज आहे तो तपासून पाहणें हा या लेखाचा उद्देश आहे.

२. ग्रंथांची साक्ष

प्रथम जुन्या वाङ्मयाकडे वळूं. तैत्तिरीय संहितेच्या सहाव्या कांडांत सोमयागांतील हविर्धान नांवाच्या गाड्यांचा प्रसंग आला आहे. दोहों बाजूंनीं बांधलेला अक्ष हा वाईट बोलणारा वरुणच होय, तो कुरकुरला तर त्याचा शब्द यजमानाच्या घरावर येतो, अशी तेथील समजूत आहे. म्हणून त्यानें चांगलें बोलावें अशी प्रार्थना करावयाची, व यजमानपत्नीनें अक्षास अंजन करावयाचें, म्हणजे स्निग्ध द्रव्य माखावयाचें. शतपथ ब्राह्मणाच्या सहाव्या कांडांत अग्नि गाडीवर घालून नेण्याचें प्रकरण आहे. तेथें अक्षाच्या आवाजास आसुरी वाणी म्हटलें असून तिच्या शांतीसाठीं मंत्र सांगितला आहे.

या वचनांवरून वैदिकांस आधुनिक यंत्रशास्त्र अवगत होतें असा डिंडिम पिटणें आम्हांस मान्य नाहीं. त्यांतून निघतें तें इतकेंच, पण तें थोडें नव्हे: अक्षाचा आवाज ही उपेक्षणीय गोष्ट नसून येणाऱ्या अनिष्टाची सूचना आहे हें त्या लोकांनीं हेरलें होतें, आवाजाचें मूळ अक्ष जेथें जखडलेला असतो तेथें आहे हें त्यांनीं ओळखलें होतें, आणि मंत्राबरोबर स्नेहही हवा, हें ते विसरले नव्हते.

चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांतील साक्ष याहून महत्त्वाची आहे. मनुष्याच्या आयुष्यास तेथें गाडीच्या अक्षाची उपमा दिली आहे. चांगल्या गुणांनीं युक्त असा अक्ष नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या काळींच संपतो. परंतु तोच अक्ष फार ओझ्यानें, खांचखळग्यांच्या वाटेनें किंवा आडवाटेनें, चाक मोडल्यानें, बैलांच्या अथवा हांकणाऱ्याच्या दोषानें, टोकाची खीळ निसटल्यानें, वंगण न मिळाल्यानें किंवा गाडी उलटल्यानें मध्येंच नाश पावतो. अकालमृत्यु समजावून देण्यासाठीं ही उपमा योजिली आहे. उपमेंतील साक्ष इतिहासास विशेष विश्वसनीय असते, असें आम्हांस वाटतें. कारण उपमान हें श्रोत्यांस आधींच पटलेलें असावें लागतें. वैद्य तेथें गाडीविषयीं कांहीं सिद्ध करावयास निघालेला नव्हता. त्या काळीं अक्ष मोडण्याच्या कारणांची ही यादी सर्वसामान्य ज्ञान होतें म्हणूनच ती उपमेस उपयोगीं पडली. आजच्या कारखान्यांतील जाणत्या फिटरास ती वाचून दाखविली तर तो तींतील एकही कलम गाळणार नाहीं.

बौद्धांच्या पालि सूत्रांत व जैनांच्या अर्धमागधी आगमांत भिक्षूच्या आहारास अक्षाच्या वंगणाची उपमा आहे. ओझें वाहून नेण्यापुरतें वंगण जसें गाडीवान घालतो, तसें शरीरयात्रेपुरतें अन्न घ्यावें. वंगणास प्रमाण असतें, हा येथील गृहीत सिद्धांत आहे. त्याचा उपयोग आपणांस पुढें होईल.

भाषेचा पुरावाही याच बाजूस आहे. संस्कृत 'अक्ष' शब्दांतील 'क्ष'चा प्राकृतांत कोठें 'ख' तर कोठें 'छ' झाला. क्षेत्राचें शेत व मक्षिकेची माशी ज्या वाटेनें झाली त्याच वाटेनें अक्षाचा आंस झाला, व दुसऱ्या वाटेनें आख झाला. 'अर' शब्दाचा आरा झाला. म्हणजे चाकाच्या अवयवांचीं कांहीं नांवें तरी अखंड परंपरेनें आपल्या तोंडीं आलीं आहेत. नांवें जेथें टिकलीं तेथें कामही टिकलें असावें, असें अनुमान करण्यास हरकत दिसत नाहीं.

३. बंडीचा आंस

आतां वऱ्हाडांत येऊं. येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस दूरदेशीं जाई तो मुख्यतः लदण्याच्या बैलांवरून. अमरावतीहून मिर्झापुरापर्यंत सुमारें पांचशें मैलांची वाट बैलांचे तांडे तुडवीत असत. पाठीवर ओझें वाहणाऱ्या बैलास आंस नसतो व वंगणही लागत नाहीं. पुढें सन १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, कापसाचे भाव चढले; आणि सन १८६७ मध्यें मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपुरास पोंचला. सन १८७० मध्यें जलंब-खामगांव ही शाखा लॉर्ड मेयो यांच्या हस्तें सुरू झाली. आगगाडीनें जुनें वाहन मारलें असें सामान्यतः म्हटलें जातें. तांड्यांपुरतें तें खरें आहे. परंतु प्रत्येक स्टेशन हें भोंवतालच्या गांवांचें मुक्कामाचें ठिकाण झाल्यामुळें गांव ते स्टेशन ही वाहतूक बंड्यांवर आली. आगगाडीनें तांडा मोडला आणि बंडी वाढविली. वऱ्हाडांत आंसाच्या दुखण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो या सुमारास, असें आमचें मत आहे.

वऱ्हाडांत ओझ्याच्या गाडीस बंडी, आणि माणसांच्या हलक्या गाडीस दमणी किंवा रेंगी म्हणतात. चाक करणारा तो वाढई, व लोखंडाचें काम करणारा तो खाती. बंडीचा आंस स्थिर असतो व चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. चाकाच्या मध्यभागास तुंबा म्हणतात. तुंब्याच्या आंत लोखंडी नळी बसविलेली असते, आणि आंसाचें टोंक तींतून बाहेर येऊन खिळीनें अडविलेलें असतें. गाडीचें सर्व ओझें आंसाच्या खालच्या अंगावर पडतें. त्यामुळें तुंब्यांतील नळी सर्व बाजूंनीं सारखी झिजते, पण आंस मात्र खालच्या बाजूनेंच चपटा होत जातो. ही एक गोष्ट समजली म्हणजे पुढील निदान समजतें.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कांहीं वृद्ध कारागिरांकडे आम्हीं या विषयीं चौकशी केली. त्यांच्या सांगण्याचें सार असें:

चाक फिरतांना सारखी करकर होत असेल तर वंगण सुकलें आहे. खरखर होत असेल तर वंगणांत माती किंवा वाळू शिरली आहे. अशा वेळीं वरून आणखी वंगण घालणें म्हणजे सहाणेवर पाणी घालून उगाळण्यासारखें आहे, त्यानें झीज वाढते. चाक उतरून आंस व नळी पुसून काढल्यावांचून तेथें उपाय नाहीं. प्रत्येक फेऱ्यास एकदांच 'खट्' असा आवाज येत असेल तर नळी तडकली आहे, किंवा एखादा आरा ढिला आहे. सपाट वाटेवर गाडी मुकी असून चाकोरींत उतरतांच खडखडत असेल तर आंस झिजून चाकास खेळ आला आहे.

निदान कानावरच सोडावयाचें नसतें. गाडीखालीं टेकू देऊन चाक अधांतरीं करावें, वर व खालीं धरून आंतबाहेर हालवावें. मग हातानें फिरवून सोडावें व ऐकावें. चाकास खेळ किती आहे हें हातास कळतें आणि घांसण कोठें आहे हें कानास. आंस सरळ घडणीचा असेल तर तो काढून उलटा बसवीत, म्हणजे चपटें अंग वर जाई व ओझें ताज्या अंगावर येई. चाक आंसावर आडवें सरकत असेल तर मध्यें चामड्याची चकती घालीत. नळी सैल झाली असेल तर ती पाचर मारून घट्ट करीत, किंवा खाती नवी घडवून देई.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यानें या निदानांत एक घोटाळा उत्पन्न केला आहे. वैशाखांत अकोल्याकडे उष्णता ४५ अंशांवर जाते. तुंब्याचें लांकूड सुकून आक्रसतें, आरे व धाव ढिली होते, व सर्व चाक बोलूं लागतें. अनभिज्ञ मनुष्य हा आंसाचा दोष समजून वंगण ओततो. जाणता गाडीवान चाकें रात्रभर पाण्यांत भिजत ठेवतो. लांकूड फुगून सांधे बसले व आवाज गेला तर दोष आंसाचा नव्हता हें सिद्ध होतें. एका लक्षणाचीं दोन कारणें असतां एक कारण दूर करून दुसऱ्याची परीक्षा घ्यावयाची, ही पद्धति वैद्यकांत उपशय या नांवानें प्रसिद्ध आहे.

वंगणाविषयींही दोन शब्द लिहिणें जरूर आहे. एरंडेलांत जळलेल्या चिंध्यांची काजळी खलून तें करीत. वऱ्हाडांत जवसही पिकतो, मग एरंडेलच कां? जवसाचें तेल हवेंत वाळून त्याची खपली धरते. म्हणून तें रंगास चांगलें व आंसास वाईट. एरंडेल दाट असतें व सहसा वाळत नाहीं. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांच्या फिरत्या इंजिनांस हेंच एरंडेल लागे, आणि कॅस्ट्रॉल हें प्रसिद्ध नांव एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच सन १९०९ मध्यें पडलें. विमानास जें योग्य ठरलें तें बंडीच्या नळ्यांत पूर्वींपासून होतें.

४. जिनिंगचा शाफ्ट

बंडी जिनिंगच्या दारांत रिकामी झाली म्हणजे कापूस दुसऱ्या बेअरिंगच्या हद्दींत येई. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन गृहस्थानें सन १८४० मध्यें चामडी रुळाच्या जिनचें पेटंट घेतलें. त्या जातीचीं यंत्रें ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स वगैरे कारखान्यांनीं तयार केलीं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमरावती, अकोला, खामगांव, कारंजें इत्यादि ठिकाणीं वाफेवर चालणारे जिनिंगचे कारखाने निघाले. इंजिनाची गति एका लांब शाफ्टास, व शाफ्टावरील पुल्यांवरून चामड्याच्या पट्ट्यांनीं प्रत्येक जिन यंत्रास मिळे. हा शाफ्ट ठिकठिकाणीं पितळी किंवा पांढऱ्या धातूच्या बेअरिंगांवर टेकलेला असे.

येथें कानाचें काम अधिक अवघड होतें. बंडी एकटी बोलते. जिनिंगमध्यें पन्नास यंत्रांचा कल्लोळ असतो. अशा वेळीं फिटर लांकडाची काठी घेऊन तिचें एक टोंक बेअरिंगच्या ठोकळ्यावर टेकवी व दुसरें कानापाशीं लावी. लांकडांतून आंतील आवाज स्पष्ट येई. मग दुसऱ्या ठोकळ्यावर काठी ठेवून ताडून पाही. सन १८१६ मध्यें फ्रेंच वैद्य लेनेक यानें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावली, व पुढें तिची लांकडी नळी केली. तिचें आणि फिटरच्या काठीचें कार्य एकच होय. काठीनंतर हात: ठोकळ्यावर तळहात ठेववत नसेल तर बेअरिंग तापलें आहे. त्यानंतर वास: जळक्या तेलाचा वास आला तर यंत्र ताबडतोब थांबवावयाचें.

हें थांबविणें मालकास रुचत नसे, कारण हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कायतो. परंतु जिनिंगमध्यें बेअरिंग तापणें म्हणजे केवळ शाफ्टाची हानि नव्हे. रुईचे तंतू हवेंत उडत असतात, ते तेलकट ठोकळ्यावर सांचतात व शाफ्टास गुंडाळले जातात; ठोकळा तापला कीं तेच काकड्याचें काम करतात. शतपथकारांनीं अक्षाच्या आवाजास आसुरी वाणी म्हटलें तें जिनिंगच्या जमादारास अतिशयोक्तीचें वाटणार नाहीं.

दुरुस्तीची रीत अशी. आयझॅक बॅबिट यानें सन १८३९ मध्यें अमेरिकेंत पेटंट घेतलेल्या पद्धतीचा पांढरा धातु हा मुख्यतः कथील असून त्यांत अँटिमनी व तांबें असतें. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेल तुटलें तर तो स्वतः झिजून किंवा वितळून जातो, पण महागडा शाफ्ट वांचतो. जुना धातु वितळवून काढावयाचा, ठोकळा स्वच्छ करून कोमट करावयाचा, आणि नवा रस एका दमांत ओतावयाचा. मग खरी परीक्षा पुढें आहे. शाफ्टास तेलांत कालविलेला शेंदूर पातळ लावून तो बेअरिंगमध्यें फिरवितात. जेथें शेंदूर उठला तो उंचवटा. तेवढाच खरवडून काढावयाचा व पुन्हा फिरवून पाहावयाचें. शेंदराचे ठिपके सर्व पृष्ठभागावर सारखे उमटेपर्यंत हें काम चालतें. तेलाचे चर कोरतांना ओझ्याची बाजू सोडून कोरावे लागतात, नाहीं तर तेल आंत राहण्याऐवजीं बाहेर पिळून निघतें.

हीं कामें करणारे हात कोठून आले? यंत्रें विलायतेहून आलीं, इंजिनिअर कांहीं ठिकाणीं मुंबईहून आले, हें खरें. तथापि वर्षानुवर्षें तेल घालणारा, ऐकणारा व खरवडणारा मनुष्य जवळच्या गांवचाच असावा लागे, आणि आंसाची झीज बोटानें ओळखणारा वाढई किंवा खाती या कामास निम्मा शिकलेलाच येई. हें आमचें अनुमान आहे. त्यास अद्याप कागदाचा आधार नाहीं. तो कोठें मिळेल याविषयीं शेवटीं लिहितों.

५. आगगाडीचा डबा

तिसरें बेअरिंग आगगाडीच्या डब्याचें. बंडींतील व्यवस्था येथें उलटी होते. चाक आंसाशीं घट्ट जडविलेलें असून आंसच फिरतो. डब्याचें ओझें आंसाच्या टोंकावर बसविलेल्या पितळी तुकड्यावर येतें. त्यामुळें तेल खालून द्यावें लागे. जुन्या डब्यांच्या आंसपेटींत तेलांत भिजविलेली सुताची किंवा लोंकरीची गुंडाळी खालून आंसास टेकवून ठेवीत. म्हणजे वऱ्हाडचा कापूस गांठींच्या रूपानें डब्यांत बसे, त्या वेळीं कोणत्या तरी प्रांताचें कापसाचें टाकाऊ सूत त्याच डब्याच्या आंसाखालीं तेल पाजीत असे.

स्टेशनांत गाडी थांबली म्हणजे तपासणीस गाडीच्या कडेनें चालत जाई. हातोड्यानें चाकावर टोला मारून नाद ऐके. तडकलेलें चाक बद्द वाजतें. आंसपेटीजवळ हाताची मागची बाजू नेऊन उष्णता पाही, कारण तळहातापेक्षां ती बाजू अधिक नाजूक असते. आंसपेटी तापली तर त्यास 'हॉट ॲक्सल' म्हणत, व डबा गाडींतून काढून 'सिक लाईन'वर ठेवीत. चरकानें मनुष्याच्या आयुष्यास आंसाची उपमा दिली. रेल्वेनें आंस बिघडलेल्या डब्यास आजारी हें मनुष्याचें विशेषण दिलें. उपमेची ही देवघेव आम्हांस मौजेची वाटते.

वऱ्हाडांत या संबंधानें मूर्तिजापूरचें नांव घेतलें पाहिजे. मूर्तिजापूरहून एक फांटा अचलपुरास व दुसरा यवतमाळास जातो. ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा अरुंद मार्ग किलिक निक्सन यांच्या व्यवस्थेखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. कापसाची ने-आण हाच त्याचा मुख्य हेतु. लोकांनीं त्यास 'शकुंतला' हें नांव दिलें. मँचेस्टर येथें सन १९२१ मध्यें तयार झालेलें वाफेचें इंजिन या मार्गावर सन १९९४ पर्यंत चालत होतें. इतकीं वर्षें एक इंजिन चालतें तें मँचेस्टरच्या कारागिरीवरच नव्हे. त्याचीं बेअरिंगें कोणी तरी पुन्हापुन्हा ओतलीं व खरवडलीं म्हणून तें चालतें. गेलीं कांहीं वर्षें या मार्गावरील गाड्या बंद आहेत.

६. जहाजाचा दांडा

चौथें बेअरिंग वऱ्हाडापासून दूर, पण वऱ्हाडच्या मालाशीं निगडित. मुंबईस चढलेली गांठ, विशेषतः सन १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाल्यानंतर, आगबोटीनें युरोपास जाई. आगबोटीच्या पिछाडीस पाण्याखालीं पंखा असतो, आणि त्याचा दांडा बोटीच्या अंगांतून बाहेर येतो तेथें बेअरिंग असतें. आरंभीं हें बेअरिंग पितळी करीत. समुद्राच्या पाण्यांत तें फार लवकर झिजे, दांड्यास खेळ येई, सर्व पिछाडी थरथरून घरघर करूं लागे, व पाणी आंत येण्याचें भय उत्पन्न होई. सन १८५४ च्या सुमारास जॉन पेन या इंग्रज इंजिनिअरानें पितळी नळींत लिग्नम व्हायटी या अमेरिकेंतील अतिशय कठीण व राळयुक्त लांकडाच्या पट्ट्या बसविल्या, आणि वंगण म्हणून समुद्राचेंच पाणी मधल्या चरांतून खेळूं दिलें. झीज थांबली. पंख्याच्या मोठ्या आगबोटी दूरच्या सफरींस निर्धास्त जाऊं लागल्या, त्यांत या लांकडाचा वांटा मोठा आहे.

बंडीचें लांकडी चाक पाहून मागासलेपणाचा शेरा मारणारांनीं ही हकीकत ध्यानांत घ्यावी. साधन लांकडाचें कीं धातूचें, यावरून विद्येची पातळी ठरत नाहीं. ओझें, वेग, माती, पाणी व उष्णता यांचा मेळ पाहून द्रव्य निवडणें ही विद्या होय. पेन यास ती होती व वंगणांत एरंडेल निवडणारासही होती. भेद इतकाच कीं एकाचें नांव पेटंटाच्या कागदावर आहे.

७. सद्यःस्थिति व विनंती

विसाव्या शतकाच्या मध्यापासून रबरी धावेची गाडी आली, आणि तिच्याबरोबर पोलादी छर्ऱ्यांचें बेअरिंग आलें. बैलांचे कष्ट त्यानें कमी झाले हें निःसंशय, व त्याविषयीं आम्हांस दुःख नाहीं. रेल्वेच्या डब्यांसही आतां रुळांचीं बेअरिंगें असतात. या बेअरिंगाचें दुखणें निराळें आहे. तें प्रथम करकरत नाहीं. छर्ऱ्यांच्या वाटेवर बारीक खपली निघते, मग वेगाबरोबर वाढणारी घुमघुम ऐकूं येते, आणि नंतर थोड्याच अवधींत तें अडकतें. तें खरवडून नीट होत नाहीं. काढून नवें घालावें लागतें. दुरुस्तीची जागा बदलीनें घेतली. परंतु निदान अद्याप संपलेलें नाहीं: विहिरीवरचा पंप किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचें चाक घुमूं लागलें म्हणजे खेड्यांतला मिस्त्री आजही पेंचकसाचें टोंक बेअरिंगवर टेकून मूठ कानास लावतो. काठीच्या ठिकाणीं पेंचकस आला, इतकाच फरक.

परंतु ज्यांनीं आंस उलटा बसविला, पांढरा धातु ओतला व शेंदूर लावून बेअरिंग खरवडलें, ते लोक आतां फार थोडे उरले आहेत, व जे आहेत ते वृद्ध आहेत. त्यांच्याबरोबर केवळ कसब नव्हे तर शब्दही जातील. आवाजाच्या एकेका छटेस त्यांच्याकडे निराळें नांव आहे, आणि तीं सर्व नांवें कोशांत आलेलीं नाहींत. राजांच्या सनदा दोनशें वर्षें दप्तरांत टिकतात. कानांतली विद्या एका पिढीच्या मौनानें नाहींशी होते.

म्हणून मंडळाच्या वऱ्हाडांतील सभासदांस आमची विनंती आहे. पहिली गोष्ट, जुन्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या रोजकीर्दी व खतावण्या जेथें शिल्लक असतील तेथें तेल, एरंडेल, पितळ, पांढरा धातु व मिस्त्रींची मजुरी यांच्या नोंदी उतरून घ्याव्या. मजुरीच्या नोंदींत नांवें असतात. कामास कोण लागले व ते कोणत्या गांवचे, हें त्यांवरून ठरेल, आणि वर केलेलें आमचें अनुमान टिकतें कीं पडतें याचा निर्णय होईल. तें पडलें तरी हरकत नाहीं. नोंदी हातीं येतील. दुसरी, वाढई, खाती व जुने फिटर यांच्या तोंडून चाकाच्या व शाफ्टाच्या अवयवांचीं आणि आवाजांचीं नांवें, गांव व तालुका देऊन, जशींच्या तशीं लिहून घ्यावीं. शुद्ध करूं नयेत. तिसरी, एका बाजूनें चपटा झालेला आंस, झिजलेली नळी व वंगणाचा नळा या वस्तु भंगारांत जाण्यापूर्वीं संग्रहास मिळवाव्या. नाण्यांच्या व ताम्रपटांच्या शेजारीं त्या ठेवण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं. चपट्या आंसाची झीज मापली तर त्यानें किती ओझें कसल्या वाटेनें ओढलें याचा अंदाज बांधतां येईल, आणि असा पुरावा कोणत्याही गॅझेटिअरांत आम्हांस आढळलेला नाहीं.

हें काम पुढील हंगामापूर्वीं सुरू व्हावें. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील ज्या गांवांत अद्याप एखादा वृद्ध वाढई किंवा जिनिंगचा जुना मिस्त्री आहे, त्या गांवांची यादी करण्यास आम्हीं आरंभ केला आहे. सभासदांनीं आपापल्या बाजूचीं गांवें कळविल्यास ती पुरी होईल.